ठोसा शिकवताना जोडीदारही शिकवा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की सोलापुरात क्रीडा शिबिरांचे फलक लागू लागतात. पूर्वी त्यांत पोहणे, क्रिकेट आणि फार तर कराटे असायचे. आता विजापूर रोडपासून अक्कलकोट रोडपर्यंत बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे वर्ग दिसतात आणि त्यांत मुलींची संख्याही चांगली असते. विजेंदर सिंग यांनी २००८ मध्ये बीजिंगला, मेरी कोम यांनी २०१२ मध्ये लंडनला आणि लवलिना बोर्गोहाईं यांनी टोकियोला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवल्यानंतर या खेळाकडे पाहण्याची पालकांची नजर बदलली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या वर्गांत ठोसा कसा शिकवला जातो, आणि विशेषतः दोन मुलांना समोरासमोर उभे करून सराव कसा घेतला जातो, याविषयी काही लिहिणे मला आवश्यक वाटते. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, निवृत्तीनंतरही मुलांसाठी पॅड, म्हणजे ठोसे झेलण्यासाठी हातात घालायच्या गाद्या, धरतो, आणि गेल्या काही वर्षांत शहरातले बरेच वर्ग मी बाजूला बसून पाहिले आहेत.

प्रथम मुठीविषयी. नव्या मुलाला मूठ वळायला सांगितली की तो हमखास अंगठा बोटांच्या आत कोंडतो, नाहीतर तर्जनीच्या कडेला ताठ उभा ठेवतो. आत कोंडलेल्या अंगठ्यावर ठोसा बसताच सगळा ताण येतो आणि उभा ठेवलेला अंगठा समोरच्याच्या कोपराला अडकून मुरगळतो. अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा बसला पाहिजे. ठोसा लागायला हवा तो याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर, कारण त्यांची तळहातातील हाडे मनगटाशी घट्ट जखडलेली असतात, तर अनामिका आणि करंगळीची हाडे त्या मानाने सैल, हलणारी असतात. करंगळीच्या बाजूने मूठ आदळली की तिचे तळहातातील हाड बोटाच्या सांध्याजवळ मोडते. या दुखापतीला बॉक्सरचे नाव चिकटलेले असले, तरी ती शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर किंवा भांडणात कोणाच्या कपाळावर मूठ आपटणाऱ्यांना अधिक होते.

मनगटाचे तसेच आहे. मी मुलांच्या हातावर शाळेतली लाकडी फूटपट्टी ठेवून पाहतो. ती मुठीच्या पाठीवर टेकली आणि मनगटापाशी फट न राहता कोपराकडच्या भागालाही टेकली, तर मनगट सरळ आहे असे समजायचे. साधे वाटते, पण जड पंचिंग बॅगवर पहिला जोराचा ठोसा मारताना बहुतेकांचे मनगट खालच्या बाजूला दुमडते आणि मग महिनाभर दप्तर उचलतानासुद्धा कळ येते. म्हणून बॅगसमोर उभे राहण्याआधी हाताला पट्टी बांधायला शिकवले पाहिजे. साधारण साडेचार मीटरची सुती पट्टी मनगटाभोवती तीन-चार वेढे, मग तळहात, मग बोटांच्या मधून आणि पुन्हा मनगटावर अशी बांधली जाते. बांधताना बोटे फाकलेली ठेवावी लागतात, कारण मूठ मिटल्यावर पट्टी आणखी आवळते. बोटांना मुंग्या आल्या किंवा नखे निळसर दिसू लागली तर ती सोडून पुन्हा बांधावी. (टॉवेल आणि चादरी विणण्यात ज्याचे नाव आहे, त्या शहरातल्या मुलांनी या सुती पट्ट्या जालंधर-मेरठकडच्या मालातून शोधाव्यात, याची मला नेहमी गंमत वाटते. आपल्या एखाद्या कारखानदाराने मनावर घ्यावे.)

ठोशाची ताकद दंडातून येते, ही समजूत व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये फार घट्ट असते. प्रत्यक्षात मागच्या हाताचा सरळ ठोसा, ज्याला आपण क्रॉस म्हणतो, तो मागच्या पायाच्या चवड्यापासून सुरू होतो. चवडा जमिनीवर फिरतो, टाच बाहेर वळते, त्यामागोमाग कंबर वळते, मग खांदा पुढे येतो आणि सर्वांत शेवटी हात सुटतो. कोपर सुरुवातीला खालीच राहतो, मूठ शेवटच्या टप्प्यात वळते, खांदा वर येऊन हनुवटी झाकतो आणि हात ज्या रेषेने गेला त्याच रेषेने गालापाशी परत येतो. मूठ सुरुवातीपासून करकचून आवळलेली असेल तर सगळा हात जड होतो. ती लागण्याच्या क्षणीच घट्ट व्हावी आणि त्याच वेळी तोंडाने अथवा नाकाने थोडा श्वास बाहेर पडावा. श्वास कोंडून मारणारा मुलगा एका फेरीतच थकतो. हवेत ठोसे मारताना, म्हणजे शॅडो बॉक्सिंगमध्ये, कोपर पूर्ण ताणून झटका देऊ नये, हेही सांगावे लागते, कारण तिथे ठोसा अडवणारे समोर काहीच नसते आणि सगळा झटका कोपराच्या सांध्यात बसतो.

चुका ठरलेल्या असतात. मारण्याआधी हात मागे ओढला जातो, म्हणजे समोरच्याला आगाऊ वर्दीच मिळते. एक हात पुढे गेला की दुसरा पोटापाशी पडतो. वजन पुढच्या गुडघ्याच्या पलीकडे जाते आणि ठोसा हुकला की मुलगा स्वतःच पुढे धडपडतो. कराट्याच्या वर्गातून आलेल्या मुलांचा दुसरा हात सवयीने कमरेशी जातो. त्या शैलीच्या मूलभूत सरावाचा तो भाग आहे आणि मी त्याला नावे ठेवत नाही, पण ग्लोव्हज घालून समोरासमोर उभे राहायचे असेल तर तो हात गालापाशीच हवा. हुक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, मारताना अनेक जण मूठ न लावता तळव्याची बाजू फटकारतात. आवाज मोठा येतो आणि बघणारे खूश होतात, परंतु हौशी बॉक्सिंगच्या नियमांनुसार मिटलेल्या ग्लोव्हच्या मुठीच्या भागाने लागलेला ठोसाच गुणांस पात्र असतो आणि उघड्या ग्लोव्हने मारणे नियमबाह्य आहे.

येथवरचे बरेचसे आरशासमोर किंवा बॅगवर शिकता येते. बॅग मात्र हलत नाही, हूल देत नाही आणि उलटून मारतही नाही. अंतर, वेळ आणि समोरच्याच्या हालचालीवरून आपली हालचाल ठरवणे या तिन्ही गोष्टी जोडीदाराशिवाय येत नाहीत, आणि नेमका हाच भाग आपल्याकडे सर्वांत निष्काळजीपणे शिकवला जातो.

पॅड धरण्याचे घ्या. अनेक वर्गांत ज्याची पाळी नसेल त्याच्या हातात पॅड देतात आणि धर म्हणतात, धरायचे कसे हे कोणी सांगत नाही. मग तो मुलगा हात दोन्ही बाजूंना लांब पसरून उभा राहतो आणि मारणारा आठवडेच्या आठवडे समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या खांद्याबाहेरच्या हवेत ठोसे मारायला शिकतो. पॅड धरणाऱ्याने ते आपल्या चेहऱ्याच्या आणि खांद्याच्या रेषेत, छातीपासून थोडे पुढे धरावेत, कोपर किंचित वाकलेले ठेवावेत आणि ठोसा पोहोचण्याच्या क्षणी त्याला बोटभर सामोरे जावे. हात ढिला सोडला तर मारणाऱ्याचा कोपर आणि खांदा ओढला जातो आणि पॅड उलटा जोरात आपटला तर मनगट दुखावते, शिवाय धरणाऱ्याच्या स्वतःच्या खांद्याची वाट लागते ती वेगळीच. सरळ ठोशासाठी पॅडचा तळवा समोर हवा, हुकसाठी आतल्या बाजूला वळलेला आणि अपरकटसाठी, म्हणजे खालून वर जाणाऱ्या ठोशासाठी, खाली झुकलेला. चांगला पॅड धरणारा मधूनच पॅडने हलकेच गालाजवळ टिचकी मारून दुसरा हात खाली पडला आहे हे दाखवून देतो. हे काम करता येणारी मुले वर्गात तयार झाली की प्रशिक्षकाचा निम्मा भार हलका होतो.

आता प्रत्यक्ष जोडीच्या सरावाविषयी, ज्याला सगळे स्पारिंग म्हणतात. आपल्या जिल्ह्याला कुस्तीची मोठी परंपरा आहे, म्हणून उदाहरण तिथलेच देतो. तालमीत वस्ताद जोड लावताना वय, वजन आणि पोराचा दम पाहतो, आणि मोठा पैलवान लहान्याशी खेळताना त्याला डाव टाकू देतो, त्याच्या अंगावर सगळे वजन टाकत नाही. हे कुठे लिहून ठेवलेले नसते, पण सर्वांना माहीत असते. नव्या वर्गांत ही शिस्त अजून रुजलेली नाही. शहरातल्या एका वर्गात प्रवेश घेऊन जेमतेम पंधरवडा झालेल्या एका किरकोळ अंगाच्या मुलासमोर त्याच्याहून डोकेभर उंच, स्पर्धा खेळलेला मुलगा उभा केलेला मी पाहिला. बाकीची मुले गोल करून मोबाइलवर चित्रीकरण करत होती आणि प्रशिक्षक 'मार, मार' म्हणत होते. त्या लहान मुलाने डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. त्या सरावातून तो डोळे मिटायला शिकला, आणि ठोसा येताना डोळे मिटण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला फार काळ जातो.

माझ्या मते पहिले काही आठवडे तर ठोसा मारूच नये. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाने सरकायचे आणि दुसऱ्याने तेवढेच अंतर राखत मागे-पुढे व्हायचे, एवढेच करावे. पुढे ग्लोव्हज न घालता समोरच्याच्या खांद्याला किंवा गुडघ्याला हात लावण्याचा खेळ घ्यावा. त्यात मुले हसतात, घामाघूम होतात आणि नकळत पायांचे काम शिकतात. त्यानंतर एकाने फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा आणि दुसऱ्याने फक्त तो तळव्याने बाजूला सारायचा, आणि मग पाळी बदलायची. मारणाऱ्याला एकच ठोसा ठाऊक असतो, अडवणाऱ्यालाही काय येणार हे ठाऊक असते, त्यामुळे दोघांच्याही मनातली भीती कमी होते आणि डोळे उघडे राहतात. मग दोन ठोसे, मग केवळ छाती-पोटावर मारण्याचा सराव, आणि हे सगळे अंगवळणी पडल्यावर हलक्या हाताने मोकळे स्पारिंग. स्पर्धेच्या वेगाने आणि ताकदीने खेळणे हे स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांनीच, स्पर्धा जवळ आल्यावर, मोजक्या वेळा करायचे काम आहे. आवड म्हणून किंवा तब्येतीसाठी येणाऱ्याने ते कधीच केले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही.

हलक्या हाताने म्हणजे कसे, यावर मात्र बराच गोंधळ आहे. जोडीदाराला लागू नये म्हणून मुले ठोसा मुद्दाम त्याच्या कानाबाहेरून काढतात किंवा वीतभर अलीकडे थांबवतात. हेतू चांगला असतो, पण त्यात दोघांचेही नुकसान होते. मारणाऱ्याला चुकीचे अंतर अंगवळणी पडते. अडवणाऱ्याने काहीही केले नसते तरी तो ठोसा त्याला लागणार नव्हता, तरीही आपला बचाव जमला असे त्याला वाटू लागते. ठोसा सरळ आणि योग्य अंतरावरूनच गेला पाहिजे. कमी करायची ती ताकद. अडवणारा चुकला तर ग्लोव्ह त्याच्या कपाळाला किंवा गालाला टेकावा आणि त्याला समजावे, एवढेच. ताकद काढून घेऊनही वेग आणि दिशा राखता येणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते.

दुसरी अडचण अशी की, हलका सराव आपोआप जड होत जातो. एकाचा ठोसा जरा जोरात बसतो, दुसरा तेवढ्याच जोराने परत करतो असे त्याला वाटते, आणि दोन मिनिटांत दोघे लाल होऊन भिडलेले असतात. पुढे विचारले तर समोरच्यानेच जोर वाढवला असे दोघेही शपथेवर सांगतात आणि दोघेही खरेच बोलत असतात. आपण लावलेला जोर आपल्याला कमी जाणवतो आणि आपल्यावर आलेला जोर जास्त जाणवतो, हे प्रयोगांतूनही दिसून आले आहे. त्यामुळे 'तुम्ही दोघे बघून घ्या' असे म्हणून प्रशिक्षकाने मोबाइल काढून बसणे चालत नाही. जोर चढतो आहे असे दिसताच फेरी थांबवण्यासाठी कोणीतरी बाजूला उभे असलेच पाहिजे. आणि 'हळू' म्हणण्याचा अधिकार जोडीतल्या प्रत्येकाला, विशेषतः नव्या मुलाला आणि मुलीला, कोणी हसणार नाही अशा वातावरणात मिळाला पाहिजे.

साधनांविषयी थोडक्यात. स्पर्धेत वजनगटानुसार १० किंवा १२ औंसांचे ग्लोव्हज असतात, पण मोठ्या मुलांनी जोडीच्या सरावासाठी १४ ते १६ औंसांचे, म्हणजे साधारण चारशे ते साडेचारशे ग्रॅमचे, वापरावेत. बॅगवर मारून भुसभुशीत झालेले ग्लोव्हज माणसावर वापरू नयेत. दात वाचवण्यासाठी तोंडात घालायचा माउथगार्ड प्रत्येकाचा स्वतःचा हवा. तो एकमेकांना देण्याचा प्रकार मी पाहिला आहे आणि त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

हेल्मेटबद्दल मात्र पालकांची मोठी गैरसमजूत आहे. हेल्मेटमुळे भुवई फुटणे, गाल सुजणे, कान चेंगरणे कमी होते आणि मुलांच्या सरावात ते हवेच. पण डोके झटक्याने हलले की कवटीच्या आत मेंदूही हलतो आणि ते हेल्मेटने थांबत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेल्मेट काढून टाकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याविनाच खेळले. त्या निर्णयावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आपल्यापुरते इतके समजावे की, हेल्मेट घातले म्हणून डोक्यावर जोराने मारण्याची मुभा मिळत नाही. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळल्यासारखे वागले, तोल जाऊ लागला, डोके दुखू लागले, उलटी झाली, किंवा मघाशी काय झाले ते त्याला आठवेना, तर त्या दिवशी त्याला पुन्हा उभे करायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे. उलट्या थांबत नसतील, झोप अनावर होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर वेळ न दवडता सिव्हिल गाठावे. पहिला धक्का भरून निघण्याआधी दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकते. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावरच्या ठोशांमुळे बाद झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद असते, आणि असा प्रकार सरावात घडला तरी हीच काळजी घ्यायची असते. आपल्या वर्गांत मात्र पाणी मारून पाच मिनिटांत मुलाला परत उभे करतात.

मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरांबाबत एक वेगळा मुद्दा आहे. शाळांतून समग्र शिक्षा योजनेखाली असे प्रशिक्षण दिले जाते आणि ते जरूर द्यावे. परंतु तेथे पट्टी नाही, ग्लोव्हज नाहीत आणि अवधी थोडा, अशा स्थितीत मुलींना नुसत्या मुठीने चेहऱ्यावर ठोसा मारायला शिकवणे मला पटत नाही. कपाळाचे हाड टणक आणि मुठीची हाडे नाजूक. मारणारीचाच हात मोडण्याची शक्यता अधिक. तळहाताच्या मनगटाकडील मांसल भागाने मारणे, सुटका करून घेणे, ओरडणे आणि पळणे यांवर तोच वेळ खर्च व्हावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार व्हावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हेल्मेट आणि जड ग्लोव्हज घालून फेऱ्या खेळवणे धोक्याचे आहे. थकलेल्या मुलाचे हात आधी खाली येतात आणि मग ठोसे थेट तोंडावर बसतात. सराव पहाटे किंवा दिवे लागल्यावर घ्यावा आणि जोडीचे काम मुले ताजीतवानी असताना, सुरुवातीच्या अर्ध्या तासात उरकावे. वजनगटात बसण्यासाठी शाळकरी मुलांचे पाणी तोडण्याचा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे.

पालकांना माझी विनंती आहे की, फी भरण्याआधी एक पूर्ण तास वर्गात बसून पाहावे. भिंतीवरची पदके आणि प्रमाणपत्रे नंतर बघता येतील. आधी दोन मुले समोरासमोर उभी राहिल्यावर प्रशिक्षक कुठे उभा असतो ते बघावे. बसू देत नसतील तर दुसरा वर्ग शोधावा. शिबिर घेणाऱ्यांनीही प्रत्येक मुलाचे वय, वजन, तो किती दिवस शिकतो आहे आणि त्याला पूर्वी डोक्याला मार लागला आहे काय, याची वही ठेवावी आणि जोड्या त्या वहीवरून लावाव्यात; त्याला पैसा लागत नाही. आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर पदकविजेत्यांच्या छायाचित्रांना नेहमीच चांगली जागा मिळते. शिबिरांचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी त्याच पानावर एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून आणि एखाद्या जाणत्या बॉक्सिंग प्रशिक्षकाकडून या विषयावर सविस्तर लिहून घेतल्यास पालकांना त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
जुळे सोलापूर, सोलापूर